कोल्हापूरचा बँड, गोव्यातले तीन शो आणि बीचवरची ती संध्याकाळ: एक प्रकरण

पार्श्वभूमी

बँड कोल्हापूरचा, चौघांचा. एकाकडे गाणं आणि रिदम गिटार, मग लीड, बास, ड्रम्स. पाचवा एक मित्र आहे तो मिक्सरवर बसतो आणि पैशाची वही त्याच्याकडे असते म्हणून त्याला सगळे मॅनेजर म्हणतात. सगळे पंचविशीच्या पुढेमागे, नोकरीवाले, त्यामुळे टूर म्हणजे काय तर शुक्रवार-सोमवारची रजा टाकायची आणि गाडीत बसायचं. गाणी स्वतःची, मराठी, ईपी म्हणजे मोजक्या गाण्यांचा छोटा अल्बम ऑनलाइन टाकलेला, कोल्हापूर-सांगली-पुण्यात वाजवून झालेलं. गोव्यात पहिल्यांदाच येत होते. ओळख पटेल असं सगळं इथे काढून टाकलंय आणि आकडे गोल केलेत, बाकी जसं घडलं तसं.

मी फोंड्याचा. माझं साउंडचं काम, नाटकं, जत्रा, लग्नं आणि अधूनमधून बँड. मुलांनी मला दोन गोष्टींसाठी धरलं होतं, फोंड्याच्या शोचा साउंड आणि गोव्यातली इकडची-तिकडची धावपळ. बुकिंग सगळं त्यांनीच कोल्हापुरातून फोनवर केलेलं.

आता बाहेरच्या म्युझिशियनच्या डोक्यात गोवा म्हटलं की आधी किनारा येतो, आणि त्यात नवल नाही. सनबर्न हा डान्स म्युझिकचा फेस्टिवल २००७ मध्ये कांदोळीला सुरू झाला तेव्हापासून तर जास्तच, आणि त्याच्याही आधी रॉक म्हटलं की शिवोलीचा रेमो फर्नांडिस, म्हणजे तेही बार्देशच, उत्तर गोव्यातला किनाऱ्याचा तालुका. पण मराठी गाणं कान देऊन ऐकणारा माणूस गोव्यात कुठे सापडतो? पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा. दीनानाथ मंगेशकर आणि अभिषेकीबुवा मंगेशीचे, केसरबाई केरीच्या, तेही फोंडा तालुक्यातलंच. इथल्या जत्रांत रात्रभर मराठी नाटक बघणारी माणसं आहेत, कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेसाठी महिनोन् महिने तालमी करणारी मंडळं आहेत. त्यांना इलेक्ट्रिक गिटार आवडेलच असं नाही पण शब्द मात्र ते सोडत नाहीत. हा फरक पोरांना माहीत नव्हता, आणि पुढचं बरंचसं त्यातूनच निघालं.

टूर कशी ठरली होती

शुक्रवारी हणजूण-वागातोर पट्ट्यातलं एक शॅकवजा, म्हणजे बीचवरच्या झोपडीसारखं रेस्टॉरंट, २०,००० रुपये ठरवून दिलेले. शनिवारी पणजीत एका जुन्या घरातला कॅफे, बंद खोली, पन्नासेक माणसं मावतील, ३०० रुपये तिकीट आणि त्यातले ७० टक्के बँडला. रविवारी फोंड्यात एका सांस्कृतिक संस्थेचा हॉल, दोनशेच्या आसपास खुर्च्या, तिकीट २०० रुपये आणि हॉलच्या खर्चापोटी संस्थेला ५,०००.

टेम्पो ट्रॅव्हलर चार दिवसांसाठी, ड्रायव्हरसकट. राहायला हणजूणला होमस्टे, दोन खोल्या, तिन्ही रात्री. का हणजूण, तर पहिला शो तिथे आणि ठरवून दिलेली रक्कमही तिथलीच. होमस्टेचे पैसे ऑक्टोबरमध्येच भरून टाकलेले, रद्द केलं तर परत नाहीत या अटीवर. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तारीख पडली नोव्हेंबरअखेरची. एकतर सीझन आणि लग्नसराई दोन्ही चालू, म्हणजे खोल्या महाग आणि भाड्याचे ड्रम किट मिळणं मुश्कील. वरून ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं सेंट झेवियरचं फेस्त तोंडावर आलेलं, त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेना म्हणजे रोजच्या प्रार्थना आणि गर्दी चालू असते आणि पणजी-फोंडा रस्ता नेमका तिथूनच जातो.

अडचण

बुधवारी दुपारी शॅकवाल्याचा मॅनेजरला फोन. टोन एकदम गोड. म्हणे क्राउड टुरिस्ट आहे, मराठी कोण ऐकणार, तुम्ही दोन सेट हिंदी-इंग्लिश कव्हर करा, मध्ये एखादं तुमचं घाला. आणि साउंड दहाला बंद. आधी काय बोलणं झालेलं तर नऊला सुरू करायचं आणि 'रात्री वाजवा हवं तेवढं'.

दहाचा नियम गोव्यापुरता नाही, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर देशभर बंदच आहे. सभागृहासारखी बंद जागा असेल तर गोष्ट वेगळी, आणि सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. पण हणजूण-वागातोरच्या आवाजाचं प्रकरण गेल्या काही वर्षांत हायकोर्टापर्यंत गेलंय, त्यामुळे तिकडे हा विषय जरा जास्तच नाजूक आहे. मी मॅनेजरला सांगितलं, उपजिल्हाधिकारी ऑफिसची साउंडची परवानगी त्याच्याकडे आहे का ते विचार आणि फोटो मागव. फोटो काय आला नाही. 'होऊन जाईल भाई' एवढाच मेसेज आला.

मग मी साउंडची लिस्ट मागवली. तिकडून उत्तर, फुल सेटअप आहे. मी म्हटलं फोटो पाठव, आणि हा फोटो मात्र लगेच आला. दोन डीजे टॉप स्पीकर, एक बेस स्पीकर आणि डीजेचा मिक्सर, त्याला माइकचं इनपुट एक. मॉनिटर (वाजवणाऱ्यांना स्वतःचं ऐकू यायला लागणारे स्पीकर) नाहीत, स्टँड नाहीत, डीआय बॉक्स (गिटार मिक्सरला जोडायचे) नाहीत, ड्रम किटचा तर प्रश्नच नाही. याच्यात चौघांचा रॉक बँड उभा करायचा म्हणजे अर्धा साउंड माझ्या गोडाऊनमधून उचलून हणजूणला न्यायचा.

अ‍ॅडव्हान्स निम्मा ठरलेला, तोही आलेला नव्हता.

कोणते पर्याय होते

बुधवारी रात्री त्या पाच जणांचा आणि माझा मोठ्ठा कॉल झाला, तासभर तरी. गायक भडकलेला. "दादा, आम्ही काय लग्नात वाजवायला येतोय काय." ड्रमर गप्प. बासवाला म्हणत होता की भावांनो वीस हजार आहेत, डोळे झाकून वाजवू आणि जाऊ पुढं.

एक पर्याय म्हणजे शॅकवाला म्हणेल तसं, दोन सेट कव्हर. यात पैसे पूर्ण मिळायची शक्यता जास्त. पण कव्हरची तयारी नव्हती, गुरुवारी रात्री एक रिहर्सल करून दीड तासाची कव्हर उभी राहत नाहीत, निदान लोकांना ऐकवण्यासारखी तरी नाहीत.

दुसरा पर्याय शो सोडून द्यायचा. मला आधी हेच बरं वाटलेलं. पण आकडे मांडले तेव्हा गंमत कळली. होमस्टेचे पैसे गेलेलेच, टेम्पोवाल्याला चार दिवसांचं सांगून झालेलं, सुट्ट्या टाकलेल्या. म्हणजे बुधवारी शो सोडून वाचणार काहीच नव्हतं, फक्त येणारे पैसे गेले असते. हाच निर्णय ऑक्टोबरमध्ये घ्यायचा असता तर गणित पूर्ण वेगळं होतं, त्यावर खाली येतोच.

तिसरा पर्याय मी पुढे केला, शुक्रवारी डिचोली तालुक्यातल्या साखळी गावी एका मंडळाकडे छोटा कार्यक्रम. ओळखीचे लोक, बसायला जागा, ऐकणारे हक्काचे. पण दोन दिवसांत तिकीट विकणार कसं, मंडळाला मानधन परवडणार नाही, आणि त्यांचे अर्धे कार्यकर्ते त्या रात्री कुठल्या ना कुठल्या लग्नात. मंडळाचा माणूस सरळ बोलला, "बाब, महिनाभर आधी सांग, हॉल भरून दितां. परवां म्हटल्यार ना."

चौथा, जो शेवटी घेतला, तो मधला मार्ग. ड्रम किट न्यायचंच नाही. दोन गिटार, बास, कहोन (वर बसून हाताने वाजवायचं लाकडी खोकं) आणि गाणं. सव्वाआठ ते पावणेदहा, मध्ये दहा मिनिटांचा ब्रेक. निम्मी हिंदी गाणी जी पोरं कॉलेजपासून वाजवतात, निम्मी स्वतःची. ही वेळ आणि हे स्वरूप मॅनेजरने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं आणि शॅकवाल्याकडून 'ओके' घेतलं. अ‍ॅडव्हान्स मात्र काय आला नाही, 'आल्यावर कॅश' असं ठरलं. इथे ताणून धरायला पाहिजे होतं असं माझं मत तेव्हाही होतं. सीझनमधल्या शुक्रवारी त्यालाही दुसरं कोण मिळणार होतं? पण मॅनेजरला शो हातचा जायची भीती वाटली आणि फोन त्याचा होता, माझा नव्हता.

शुक्रवार

पोरं पहाटे निघाली, आजरा-आंबोलीवरून सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी. दुपारी हणजूण. मी चारला आठ चॅनलचा मिक्सर, डीआय आणि दोन मॉनिटर घेऊन पोचलो.

स्टेज म्हणजे वाळूवर टाकलेले प्लायवूड. वीज जनरेटरवर. सगळं जोडलं, गायक गिटार गळ्यात घालून माइकजवळ गेला, ओठ लागले आणि झटकन मागे. "दादा, चावतंय हे." मी मल्टीमीटर काढून एक टोक माइकच्या जाळीला आणि दुसरं गिटारच्या तारेला लावलं तर नव्वदच्या आसपास व्होल्ट. असा शॉक बहुतेक वेळा नुसता चिमटा काढतो, पण ओली वाळू, अनवाणी पाय आणि दोन्ही हात तारेवर, यात नशिबावर कोण विसंबणार.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. जनरेटरच्या बॉडीवर अर्थिंगचा बोल्ट होता पण त्याला वायरच नव्हती. आमच्या एक्स्टेन्शन बोर्डची तिसरी पिन म्हणजे नुसती शोभेची. जनरेटरवाला म्हणाला, डीजेला तर कधी काय होत नाही. बरोबर आहे, डीजे काय हातात गिटार धरून माइकला ओठ लावत नाही. अशा वेळी काही जण हम, म्हणजे स्पीकरमधली घरघर, घालवायला प्लगची अर्थची पिनच काढून टाकतात, ते तर अजिबात करायचं नाही, हम जाईल पण फॉल्ट झाला तर करंट अंगातूनच जाईल. आम्ही शॅकच्या इलेक्ट्रिशियनला पकडलं, लोखंडी रॉड ओल्या वाळूत खोल ठोकला, भोवती मिठाचं पाणी ओतलं, जाड वायरने बोल्टला जोडला. बोर्डाच्या पिनपर्यंत अर्थ येतोय का तपासलं. मिक्सर आणि सगळे अडॅप्टर एकाच बोर्डावर आणले. परत मोजलं, मीटर जवळजवळ शून्यावर. तरी गायकाला मी डीजेचा वायरलेस माइक दिला, बॅटरीवर चालतो, त्यामुळे वायरीतून येणारा रस्ताच उरत नाही. यात सव्वा तास गेला आणि साउंडचेकला दहा मिनिटं उरली.

वाजवलं ठीक. हिंदी गाण्यांना लोक ओरडले, मराठी गाण्यांना जेवले. एका टेबलावर मालवणची फॅमिली होती, त्यांनी मात्र पुढे येऊन विचारलं की गाणी कुठे मिळतील.

खरा प्रसंग पावणेदहाला. शेवटचं गाणं संपत आलेलं, गर्दी नेमकी तेव्हाच वाढलेली, आणि मालक बाजूला येऊन म्हणतो अजून अर्धा तास खेचा, कोण येत नाही. बासवाला तयार. गायकपण तयार झाला, कारण पहिल्यांदाच लोक बघायला लागले होते. मॅनेजरने माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं परवानगीचा कागद दाखवला तर वाजवा. कागद आला नाही. त्याने गाणं संपल्यावर मिक्सरवरचे आवाजाचे फेडर खाली ओढले.

त्या रात्री पोलीस वगैरे कोण आलं नाही, शेजारचा डीजे तर साडेदहापर्यंत चालू होता. म्हणजे वाजवलं असतं तर बहुधा निभलं असतं. तरीपण मला तो निर्णय पटतो. जागा मालकाची असली तरी सामान आपलं, आणि ते एकदा पोलीस स्टेशनात गेलं की पणजी आणि फोंडा दोन्ही शो गेले. बाहेरगावच्या पोरांनी कोणाच्या ओळखीवर सोडवून आणायचं?

किंमत मोजावी लागलीच. मालकाने २०,००० चे १५,००० केले, 'टाइम कमी वाजवलात' म्हणून. मॅनेजरने मेसेज दाखवला, त्यात पावणेदहाच लिहिलेलं. मालक म्हणाला पार्टनरशी बोला, आणि पार्टनर काय त्या रात्री फोन उचलणारा नव्हता. अर्धा तास हुज्जत घालून पोरांनी पंधरा घेतले आणि निघाले.

शनिवार

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कॅफेवाल्यांनी आठवडाभर आधी गाण्यांची यादी मागवलेली, कव्हर किती, स्वतःची किती, कारण लाइव्ह कव्हरसाठी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचं, लायसन्स बघावं लागतं. असा माणूस भेटला की बरं वाटतं. खोली छोटी, म्हणून ड्रमरने काठ्यांऐवजी रॉड्स, म्हणजे बारीक काड्यांच्या जुड्या, वापरले. ३४ तिकिटं गेली, आठ वाजता सुरू, साडेनऊला आटोपलं, पैसे तिथल्या तिथे यूपीआयने.

रविवार

सकाळीच मॅनेजरला फोन करून सांगितलं की मॅप काही दाखवो, जुन्या गोव्यावरून येऊ नका, नोव्हेनाचा रविवार आहे. म्हापसा, अस्नोडा, डिचोली, मग आमोण्याचा पूल उतरून खांडोळा-माशेल करत फोंडा. जरा वळसा आहे पण ट्रॅव्हलर चालत राहते. तीनला पोचले.

फोंड्यात वाद वेगळाच निघाला. संस्थेच्या सेक्रेटरींना मध्यंतर पाहिजे होतं. चहा-वड्याचा स्टॉल त्यांच्या महिला मंडळाचा, आणि इथल्या माणसाला हॉलमध्ये शिरलं की मध्यंतर असणार हे गृहीतच. बँडचं म्हणणं, रॉक शोला कसलं मध्यंतर, चढलेला पारा उतरतो. गायक तर म्हणाला नाटक आहे का हे. सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, हॉल नाटकाचाच आहे. शेवटी पंधरा मिनिटांवर तडजोड झाली.

अजून एक सूचना आलेली, पुढच्या दोन रांगांना ६०० रुपये लावूया. संगीताच्या कार्यक्रमाला ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, त्याच्या वर गेलं की १८ टक्क्यांचं लचांड, त्यामुळे कोणी फार जोर धरला नाही. सरसकट २०० ठेवले.

एकशे चाळीस माणसं आली. कॉलेजची पोरं मागे, पुढच्या रांगांत नाटकवाले आणि भजनी मंडळातले काका, बातमी मराठी पेपरात दोन ओळी आलेली त्यावरून आलेले. पहिला भाग जोरात झाला, मागची पोरं उभी राहून ओरडत होती, पुढच्या रांगा हाताची घडी घालून. मला मिक्सरवरून वाटत होतं की चाललंय मस्त.

मध्यंतरात एक वयस्क गृहस्थ माझ्याकडे आले. आयुष्यभर नाटकांना ऑर्गनची साथ केलेला माणूस. म्हणाले, "चाल बरी आसा रे त्याची. पण शब्द खंय गेले?" मी हॉलच्या मध्ये जाऊन रेकॉर्डिंग ऐकलं तर त्यांचं शंभर टक्के खरं. दोन डिस्टॉर्शनवाल्या, म्हणजे करकरीत आवाज केलेल्या, गिटार नेमक्या त्या पट्टीत भरल्या होत्या जिथे क, च, ट ही अक्षरं कळतात. गायक ऐकू येत होता, गाणं कळत नव्हतं. कोल्हापूरच्या त्यांच्या चाहत्यांना गाणी पाठ, त्यामुळे तिथे हे कधी कोणाला जाणवलंच नसेल.

मग पंधरा मिनिटांत आम्ही गिटारचे अ‍ॅम्प प्रेक्षकांवरून फिरवून आडवे केले, दोन्ही गिटारचा दोन-तीन किलोहर्ट्झचा भाग खाली ओढला, मॉनिटर कमी केले, आणि लीडवाल्याला सांगितलं की कडव्याला डिस्टॉर्शन बंद, फक्त धृपदाला चालू कर. तो कुरकुरला. पण केलं. दुसऱ्या भागात तिसऱ्या गाण्याला पुढची रांग माना हलवायला लागली आणि एका ओळीवर चक्क 'वा' आली, रॉक शोमध्ये! गायकाने पुढची ओळ चुकवली त्या नादात.

मध्यंतर नसतं तर हे झालंच नसतं. आणि टी-शर्ट, स्टिकर यांची जवळजवळ सगळी विक्री त्या पंधरा मिनिटांतच झाली, वड्याच्या रांगेशेजारी टेबल होतं म्हणून. शो संपल्यावर लोक सरळ पार्किंगकडे.

सोमवारी परत. ड्रमर म्हणत होता गोव्यात स्वस्त मिळते तर चार बाटल्या घेऊया, मॅनेजरने हात जोडले. इन्सुलीच्या एक्साइज नाक्यावर गाडी थांबवलीच, ड्रमच्या केस उघडून बघितल्या, आत झांजा निघाल्या.

हिशेब

खर्च असा: टेम्पो डिझेल-टोल-भत्त्यासकट २६,०००, होमस्टे १५,०००, जेवणखाण ९,०००, ड्रम किटचं भाडं आणि माझा साउंड मिळून १२,०००, पोस्टर वगैरे ३,०००. एकूण ६५,०००.

जमा: शॅक १५,०००, कॅफे ७,१४०, फोंडा संस्थेचे वजा करून २३,०००, टी-शर्ट-स्टिकर ९,०००. एकूण ५४,१४०. म्हणजे अकरा हजारांच्या आसपास खिशातून गेले. पहिल्या टूरला हे काय फार वाईट नाही, आणि पोरंही तसं म्हणत नाहीत.

पण मी त्यांना दुसरं गणित मांडून दाखवलं. शॅक घेतलाच नसता तर टूर शनिवारी सुरू होते. टेम्पोचा एक दिवस कमी, धरा ५,०००. राहणं फोंड्यातल्या साध्या लॉजवर, दोन रात्री, दोन खोल्या, ६,००० मध्ये झालं असतं, म्हणजे ९,००० वाचले. एका दिवसाचं जेवण, आणि बीचवरचं जेवण म्हणजे काय भावाने असतं ते सांगायला नको, २,५०० धरा. झाले १६,५००. शॅकने दिले १५,०००. ज्या शोसाठी सगळी टूर किनाऱ्याला बांधली तो शो दीड हजाराने तोट्यात. पूर्ण २०,००० मिळाले असते तरी पाच माणसांच्या अख्ख्या दिवसाचे साडेतीन हजार.

वेगळं काय करता आलं असतं

बुधवारचा निर्णय बरोबरच होता, तेव्हा सोडून काही वाचत नव्हतं. चुकलं ते ऑक्टोबरमध्ये. 'ठरलेली रक्कम' दिसली की बाकी सगळं त्याभोवती लावायचं, ही सवय नव्या बँडमध्ये सर्रास दिसते, आणि ती रक्कम मिळवायला गाडी, खोली, जेवण किती लागणार हे कोणी त्याच शोच्या नावावर लिहीत नाही. रद्द न होणारी खोली तर अ‍ॅडव्हान्स हातात आल्याशिवाय भरूच नये. खोली रद्द होत असती तर बुधवारी बोलताना शॅकवाल्यासमोर मॅनेजरचा आवाज वेगळा लागला असता.

उघड्यावरची जागा असेल तर साउंडच्या परवानगीचा फोटो आणि वीज कुठून येते हा प्रश्न, दोन्ही बुकिंगच्या पहिल्या फोनमध्येच. विजेचं तर कोणीच विचारत नाही. मल्टीमीटर तीन-चारशे रुपयांना मिळतो, गिटारच्या दोन सेट तारांपेक्षा स्वस्त.

शुक्रवारी रात्री पाच हजारांसाठी अजून भांडायला हवं होतं का, यावर आमच्यात एकमत नाही. मॅनेजर म्हणतो दुसऱ्या दिवशी शो असताना गळा आणि डोकं दोन्ही शाबूत पाहिजे. मला वाटतं निम्मे पैसे ब्रेकमध्ये मागता आले असते, वाजवणारे स्टेजवर असतात तोवर मालकालाही घाई असते.

फोंडा रविवारी ठेवला हेही पुन्हा तपासायला हवं. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं म्हणून बरेच जण शेवटच्या तीन गाण्यांना उठले. तोच शनिवारी असता आणि पणजी रविवारी, तर मला वाटतं तिकिटं अजून गेली असती, कॅफेला फारसा फरक पडला नसता.

बासवाल्याला माझं शॅकचं गणित पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, वाळूवरचा तो व्हिडिओ बघूनच पुण्यातून एक फोन आला, फोंड्याच्या हॉलचा व्हिडिओ बघून कोणी विचारलं नाही. मुद्दा आहे त्यात, वहीत त्याला रकाना नाही एवढंच. साखळीच्या मंडळाने शिगम्यानंतरची, म्हणजे होळीच्या सणानंतरची तारीख विचारलीय, त्यांचा एक जण स्वतःच्या घरच्या दोन खोल्या द्यायला तयार आहे. मॅनेजर म्हणतो आधी खोल्या पक्क्या, मग गाडी, मग पोस्टर. बासवाला म्हणतो एक दिवस बीचवर हवाच, वाजवायला नको, पोहायला.